सात नंबरची बत्ती

पगारेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माणूस मारताना.

नाशिकरोडला स्टेशनाबाहेर एक चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं कुठून तरी रेल्वेची जुनी हातबत्ती पैदा केली होती, तिच्या आतलं सगळं उपटून त्यात विजेचा बल्ब बसवला होता आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यावर ती टांगून दिली होती. मी उभ्याउभ्या चहा पीत होते. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा एक माणूस आला, वर बघितलं आणि म्हणाला, "हिच्या आतला डबा कुठंय?"

"कसला डबा?" टपरीवाला म्हणाला. "होतं कायतरी पत्र्याचं. फेकलं."

त्यानंतर टपरीवाला फळीच्या पलीकडून अलीकडे कसा आला ते मला अजून सांगता येत नाही. शर्टाला धरून ओढला असणार. पहिले दोन ठोसे मी पाहिले. तिसऱ्याला कप फुटले आणि चौथ्याला त्याचा दात माझ्या चपलेपाशी येऊन पडला. लोक धावले, तिघांनी मिळून त्या माणसाला मागे खेचलं. त्यानं अंग झटकलं, वरची बत्ती वायरीसकट तोडून घेतली, उलटी करून तिचं बूड बघितलं आणि "ही नाय" असं स्वतःशीच पुटपुटून ती तिथेच टाकून चालता झाला.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. मी नुकतीच एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि स्टेशनामागच्या वसाहतीत एक खोली घेतली होती. संध्याकाळी घरी आले तर शेजारच्या ओट्यावर हाच गृहस्थ, मांडीवर एक बत्ती घेऊन चिंचेच्या कोळानं पितळ घासत बसलेला. आता बोला! मी तोंडाची फटकळ, मला राहवलं नाही. म्हटलं, "गरिबाचा दात पाडलात, लाज नाही वाटली?"

त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळलं. "दोन पाडायला पायजे होते, बाई. आतला डबाच फेकला म्हंजे काय ऱ्हायलं तिच्यात? चहा घेता का?"

आणि काय सांगू, मी तो चहा घेतला.

रंगनाथ पगारे हे रेल्वेत बत्तीवाले होते. स्टेशनातल्या, सिग्नलवरच्या, गार्डाच्या, पॉइंट्समनच्या सगळ्या बत्त्या रोज उघडायच्या, काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, घासलेट भरायचं आणि पुन्हा जुळवून द्यायच्या, हे त्यांचं काम. पुढे विजेचे दिवे आले तसं ते काम संपत गेलं आणि काकांना शेवटची वर्षं मालधक्क्यावर काढावी लागली. पण त्यांच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती इतक्या बत्त्या. फळ्यांवर, खाटेखाली, खुंट्यांना, मोरीच्या कट्ट्यावर. इगतपुरी, मनमाड, नांदगाव, जिथे म्हणून भंगाराचं दुकान होतं तिथे हा माणूस दर रविवारी हजर. बायको आधीच गेलेली, घरात एक तरणा मुलगा, अशोक. तो बिचारा दारात झोपायचा.

काकांचं एक पालुपद होतं: "समोर जाऊन बघितलं का?" मी कुलूप लावून निघाले की विचारणार, भात झाला म्हटलं की विचारणार. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाताच्या समोर कशी जाऊ, काका?" तेव्हा ते हसले नाहीत. आत गेले, एक हातबत्ती घेऊन आले आणि मला अंगणात उभी केली.

"ही बघा. समोर हे जाड भिंग. आत दिवा. दिव्याभोवती हा पत्र्याचा डबा फिरतो, त्याला एक लाल काच, एक हिरवी. वरची मूठ उजवीकडं फिरवली, खट्ट, की लाल. डावीकडं, खट्ट, की हिरवा. मधी पांढरा. बत्ती धरणारा मागं उभा. त्याला उजेड दिसत नाय, पाठीमागं सगळं बंद. त्याला फकस्त मूठ अन् बोटं. कळलं?"

"कळलं."

"आता हा डबा काच पुसायला रोज काढायचा. परत घालताना एका खाचेत बसवायचा. जुन्या बत्तीत खाच झिजती, मंग डबा उलटाबी बसतो. उलटा बसला तर मूठ लालवर अन् समोर हिरवा. म्हणून रीत अशी, की डबा बसवला का बत्ती पेटवायची, कुणाच्या तरी हातात द्यायची, अन् दहा पावलं समोर जाऊन सोताच्या डोळ्यानी बघायचं. रोज. दर बत्तीला."

मग त्यांनी मला सुदामचं सांगितलं. सुदाम म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, घाटातल्या एका छोट्या स्टेशनावर पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. काका त्याच स्टेशनावर बत्तीवाले. श्रावणातली दुपार, धुकं असं की हातभर पुढचं दिसेना, म्हणून दिवसाच बत्त्या पेटवलेल्या. रुळावर गँग काम करत होती आणि खालून एकटं इंजिन येत होतं. ते थांबवायला सुदाम सात नंबरची बत्ती घेऊन पुढे गेला. इंजिन थांबलं नाही. गँगमधले तिघे गेले आणि सुदामही गेला. इंजिनावरच्या दोघांनी सांगितलं, आम्हाला हिरवा दिसला. गँगमधला जो एक वाचला, त्यानंही तेच सांगितलं. बत्ती दरीत गेली होती, सापडली नाही. मग चौकशी बसली.

"साहेबानी मला दोन प्रश्न इचारले," काका म्हणाले. "बत्ती समोर जाऊन बघितली होती का? म्या म्हटलं, हो. तुझा भाऊ दारू पितो का? म्या म्हटलं, हो."

"प्यायचे का ते?"

"सणावाराला. ड्यूटीवर कधीच नाय."

"आणि बत्ती? ती पाहिली होती का?"

त्यांनी हातातली बत्ती खाली ठेवली. "धो धो पाऊस होता, बाई. बाकीच्या सहा बघितल्या. सातवी बघितली का नाय, मला आठवतच नाय. देवाशप्पथ आठवत नाय."

भाऊ दारूच्या नशेत चुकला, असा निकाल लागला. वर्षभरानं एका गँगमननं सांगितलं, की ती बत्ती दरीत सापडली होती, स्टोअरात टाकली आणि तिथून भंगारात गेली. झाकण चेपून बसलंय, उघडतच नाही, असंही तो म्हणाला. झालं! झाकण उघडत नाही म्हणजे आतला डबा त्या दिवशी बसवला होता तसाच असणार. बुडाला काकांच्या हातची खूण, साताचा आकडा आणि दोन टिंबं. बत्ती बरोबर निघाली तर सुदाम चुकला. उलटी निघाली तर चार माणसं काकांनी मारली. हा माणूस त्याच एका बत्तीपायी भंगारवाल्यांचे दात पाडत नाशिक जिल्हा पालथा घालत होता. बाकीच्या बत्त्या त्या शोधात आपोआप जमल्या होत्या.

योग असा, की सुदामची बायको कमल आमच्याच शाळेत शिपाई होती. मी कुठे राहते हे कळल्यावर ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी घंटेचा हातोडा माझ्या टेबलावर आपटून म्हणाली, "तुमच्या शेजाऱ्याला सांगा, बत्ती घावली का मला दाखव. तवर माझ्या दारात पाय ठेवला तर मुडदा पाडीन त्याचा." तिला लोक बेवड्याची बायको म्हणत. नळावर म्हणत, रेशनच्या रांगेत म्हणत, तिच्या मुलीला बघायला आलेली माणसं बाहेर पडता पडता म्हणत. तीन स्थळं त्या एका शब्दापायी मोडली. कमल रडताना मी कधी पाहिली नाही. एकदा शाळेच्या नळावर कुणी बाई तसं बोलली, तेव्हा कमलनं तिच्या डोक्यात कळशी घातली होती. चार टाके पडले. ह्या घराण्यात सगळेच हातघाईचे, असं आमचे हेडमास्तर म्हणायचे.

भीमजयंतीला संध्याकाळी काका सगळ्या बत्त्या बाहेर काढत. गल्लीच्या दोन्ही अंगांना ओळीनं लावून पेटवत. सगळ्या पांढऱ्या. आमची ती फुटक्या गटारांची गल्ली त्या दिवशी अशी काही सजायची की दुसऱ्या वसाहतींतून माणसं बघायला येत. काका नवा सदरा घालून मधे उभे. लाल-हिरवा कुणी फिरवायचा नाही, हा दंडक. एका वर्षी कुणाच्या तरी जावयानं गंमत म्हणून मूठ फिरवली. काकांनी सगळ्यांदेखत त्याच्या अशी सणसणीत मुस्काटात भडकावली की जावई बसलाच खाली. मग त्यालाच उठवून पाणी पाजलं आणि स्वतः कोपऱ्यात तोंड लपवून उभे राहिले. मला त्यांचा राग यायचा आणि जीवही तुटायचा. दोन्ही एकाच वेळी, अगदी एकाच वेळी.

पण अशोकच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मी माफ केलेलं नाही.

ऐंशीच्या आसपास आग्रा रोडवर एक नवीन हॉटेल निघालं. मालकाला भिंतींवर जुन्या बत्त्या हव्या होत्या. काका नांदगावला गेलेले पाहून तो घरी आला आणि अशोकनं त्याला सहा बत्त्या देऊन टाकल्या. देईल नाहीतर काय करील? पंचविशीचा मुलगा, लग्न ठरत नव्हतं, झोपायला जागा नव्हती. काका दुपारी परत आले, फळीवरची रिकामी जागा पाहिली, अशोककडून हॉटेलचं नाव काढून घेतलं आणि सायकल काढली. हॉटेलात जेवणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून त्यांनी त्या बत्त्या भिंतीतून खिळ्यांसकट उपटल्या. मालक मधे पडला तर त्याच्या नाकावर बत्तीच हाणली. नाक फुटलं, ताटांत रक्त पडलं. पोलिस येईपर्यंत काका सहाही बत्त्या सायकलला बांधून घरी पोचले होते.

घरी आल्यावर त्यांनी खाटेचं गातं, बाजूचा लांब दांडा, उपसलं. मी ओरडत मधे गेले. मला त्यांनी एका हातानं असं बाजूला सारलं की मी भिंतीवर आपटले. अशोकनं वार चुकवायला हात वर केला आणि त्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो पोरगा ओरडला नाही. "मारा," म्हणाला, "सुदामकाकाला मारलं तसं मलाबी मारा." ते ऐकून पगारेकाकांच्या हातातलं लाकूड गळून पडलं.

मी अशोकला दवाखान्यात नेलं. प्लास्टर सुकायच्या आत तो भिवंडीला निघून गेला तो गेलाच. त्या रात्रभर मी धुमसत होते. सकाळी त्यांच्या दारात जाऊन मनसोक्त बोलले. म्हटलं, "त्या सहाही बत्त्या तर तुमच्या तपासून झालेल्या होत्या ना? मग कशापायी पोराचा हात मोडलात?"

"त्यातल्या दोनचं बूड म्या बघितलंच नव्हतं," ते म्हणाले.

"का?"

"धीर नाय झाला." मग म्हणाले, "आज सकाळी बघितलं. नाय, त्यातबी नाय."

मी चार वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज माझ्या दारात पाण्याची बादली भरून ठेवत आणि मी ती रोज गटारात ओतत असे. हट्टाला मीही काही कमी नाही.

चौऱ्याऐंशीत बत्ती सापडली. देवळ्याजवळच्या एका शेतकऱ्यानं कांद्याच्या चाळीवरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर दगडांसोबत ती ठेवली होती. काकांनी मागितली, त्यानं दिली. कुणाला मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी आले. बत्ती धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. चेहरा असा की मी अबोला विसरले.

"बाई, कमलला बोलवा."

"तुम्ही पाहिलं?"

"नाय. तिनी बघायचं."

मी दोघांना शाळेच्या सामानाच्या खोलीत नेलं. तिथे मोडकी बाकं आणि नकाशे होते, खिडकी नव्हती. काकांनी फडकं सोडलं. एका बाजूनं पार चेपलेली, गंजलेली बत्ती, बुडाला सात आणि दोन टिंबं. झाकण हातोडीनंही उघडलं नसतं, पण मूठ घासलेट सोडून सोडून त्यांनी मोकळी केली होती. बुडातला दिवा काढून तिथे त्यांनी पेटता टॉर्च बसवला. बसवताना दोनदा तो खाली पडला.

"कमल, तू तिकडं दाराशी उभी ऱ्हा. मी मूठ उजवीकडं फिरवतो. लाल दिसला तर सुदाम चुकला. हिरवा दिसला तर मी. तू सांगशील ते."

कमल दाराशी गेली. मी तिच्या शेजारी. वीस वर्षं ज्या माणसाचा मुडदा पाडीन म्हणत होती तो तिच्यापासून दहा पावलांवर बत्ती छातीशी धरून उभा होता. त्यांनी मूठ फिरवली. खट्ट आवाज आला. आणि काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना बघायला लावलं, त्याच्याच्यानं बघवेना.

लाल होता.

गंजलेल्या भिंगातून आलेला, मळकट, पण लाल. माझ्या हातावर पडला होता, कमलच्या पातळावर पडला होता. मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही. क्षणभरच ती थांबली असेल.

"हिरवा," कमल म्हणाली.

"नीट बघ."

"हिरवा हाय, दादा. हिरवागार."

मग तिनं जे केलं ते तिलाच सुचू शकतं. तरातरा गेली, त्यांच्या हातातली बत्ती हिसकावली आणि फरशीवर आपटली. एकदा, दोनदा, भिंग फुटेपर्यंत, चेपलेलं झाकण उडून आतला डबा बाहेर येईपर्यंत. तो डबा तिनं टाचेखाली चिरडला. तळपायात काच शिरली, तरी थांबली नाही. "माझ्या नवऱ्याला बेवडा म्हणता?" प्रत्येक वेळी एवढंच. मग ती काकांवर धावली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या तोंडावर, छातीवर मारत सुटली. ज्याच्या अंगाला गावातला गुंड हात लावत नसे तो माणूस नुसता मार खात उभा होता. मधे पडायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर इच्छाही झाली नाही.

संध्याकाळी काका माझ्याकडे आले. एक डोळा सुजून बंद झालेला. "बाई, एक अर्ज लिहा. रेल्वेच्या मोठ्या साहेबाला. सातव्या बत्तीचा डबा म्या उलटा बसवला, समोर जाऊन बघितलं नाय, चौकशीत खोटं बोललो. सुदाम पगारे निर्दोष हाय."

"काका, एकदा तुम्ही स्वतः…" मी म्हटलं, आणि पुढचा शब्द माझ्या तोंडात आला होता. लाल. दोनच अक्षरं.

"कमलनी बघितलं. बास."

मी रात्री अर्ज लिहिला आणि सकाळी सही घ्यायला त्यांच्याकडे गेले. ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच काचा फुटत असल्याचा आवाज येत होता. वसाहत दारात जमली होती, आत जायला कुणी धजत नव्हतं. मी गेले. काका खोलीच्या मधोमध उकिडवे बसून एकेक बत्ती समोर घेत होते आणि हातोड्यानं फोडत होते. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. जमिनीवर काचांचा खच पडला होता. हात मनगटापर्यंत रक्तानं भरलेले. मला पाहून त्यांनी हातोडा ठेवला आणि हसले. अकरा वर्षांच्या शेजारात तसं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"या बाई, या. काचा हायेत, चप्पल काढू नका. सुटला माझा सुदाम!"

मी कागद पुढे केला. त्यांनी पेन हातात घेतलं, वाकून एकेक अक्षर काढत सही केली आणि हात उचलला तर अख्खा पंजा अर्जावर उमटलेला, सुदामच्या नावावरच. त्यांनी जीभ चावली.

"अरारा, घाण झाला. असा साहेबाला कसा द्यायचा? परत लिहून द्या बाई, तेवढे उपकार करा. नीट लिहा."

मी घरी आले, दार लावून घेतलं आणि तो सगळा अर्ज पहिल्या शब्दापासून पुन्हा लिहून काढला. पहिल्यापेक्षा चांगल्या अक्षरात.